न धावलेल्या ट्रामवेचे मालडबे

लघुरेल्वेच्या छंदाचा विषय चार माणसांत निघाला, म्हणजे त्यांपैकी एक तरी चिकित्सक गृहस्थ हमखास विचारतो की, दख्खनच्या राणीची किंवा माथेरानच्या गाडीची प्रतिकृती करणे समजू शकते, कारण मूळ गाडी डोळ्यांसमोर असते. परंतु जी ट्रामवे पृथ्वीच्या पाठीवर कधी धावलीच नाही, तिचा डबा बरोबर झाला की चुकला, हे ठरवावयाचे कशावरून? प्रश्न रास्त आहे. कल्पनेला कसलेच बंधन नसेल तर सगळेच डबे सारखेच बरोबर ठरतात, आणि जेथे चूक संभवत नाही तेथे कौशल्यालाही अर्थ उरत नाही. या प्रकरणात आपण वऱ्हाडातील हिवरखेड या गावी एक कल्पित ट्रामवे योजून, तिचा एक मालडबा प्रथम कागदावर आणि मग पाटावर सिद्ध करू. त्या ओघात या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल.

१. ट्रामवे म्हणजे नेमके काय?

ट्राम म्हटले की मराठी वाचकाच्या मनात मुंबई उभी राहते. तेथे १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली, आणि १९६४ च्या मार्चअखेर तिचा शेवटचा फेरा झाला. नाशिक रोड स्थानकापासून नाशिक शहरापर्यंतही एके काळी घोडे ट्राम ओढीत असत. परंतु ट्रामवे या संज्ञेची व्याप्ती उतारूंपुरती कधीच नव्हती. हिंदुस्थान सरकारने १८८६ साली ट्रामवेचा स्वतंत्र कायदा केला तो मुख्यतः रस्त्यातून वा रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या हलक्या लोहमार्गांसाठी, मग त्यांवरून माणसे जावोत की माल. जगभर ऊसमळे, खाणी, जंगले आणि बंदरे यांतून असे मार्ग पसरले होते. वालचंदनगरच्या साखर कारखान्याचा ऊसही अशाच चिमुकल्या रुळांवरून येत असे.

तेव्हा आपल्या प्रकरणापुरती व्याख्या अशी : कमी रुंदीचे हलके रूळ, कमी वेग, तीव्र वळणे, आणि मोठ्या रेल्वेच्या स्थानकापर्यंत माल आणून पोचविण्याचे मर्यादित काम. डब्याच्या रचनेविषयी पुढे जे जे निष्पन्न होणार आहे, ते सर्व या चार लक्षणांतूनच निघते.

२. एक असत्य माफ

कल्पित लोहमार्ग उभारणाऱ्यांचा एक अलिखित दंडक आहे : एक असत्य माफ, दुसरे नाही. इंग्लंडात जॉन अहर्न या छंदिष्टाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मॅडर व्हॅली’ नावाची संपूर्ण काल्पनिक रेल्वे रचली. ती आज ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात जतन केलेली आहे. दरी खोटी, गावांची नावे खोटी. परंतु तीतील घरे व दुकाने अहर्नने प्रत्यक्षातील इमारती पाहून केलेली आहेत, आणि म्हणूनच पाहणारा त्या खोट्या दरीवर विश्वास ठेवतो.

आपले असत्य कोणते? अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्याचे हे हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले. अकोल्याहून अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेड, वान रोड आणि धूळघाट असे करीत मेळघाटातून खंडव्याला जाणारा मीटरगेज मार्ग स्वातंत्र्योत्तर काळातला. त्यावरील गाड्या २०१७ च्या आरंभी रुंदीकरणासाठी थांबल्या. अकोला ते अकोट या टप्प्यावर ब्रॉडगेज गाडी २०२२ साली धावू लागली. आणि पुढचा मार्ग मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प टाळून हिवरखेड-सोनाळ्यावरून नेण्याचे ठरले. आपण एवढेच खोटे बोलणार आहोत की, हा मीटरगेज मार्ग हिवरखेडास १९१० सालीच येऊन पोचला, आणि त्यामुळे दक्षिणेकडील तेल्हाऱ्याहून हिवरखेड स्थानकापर्यंत माल आणण्यासाठी कोणा कंपनीने १९१५ साली एक ट्रामवे टाकली.

खोटे बोलूनही हिवरखेडच का धरावयाचे, तेल्हाऱ्याहून थेट शेगावचे जुने स्थानक का गाठू नये, असे कोणी म्हणेल. नकाशा उघडावा : मध्ये पूर्णा नदी आडवी आहे. पूर्णेवर पूल बांधण्याइतके भांडवल असलेली कंपनी ट्रामवे कशाला टाकील, ती सरळ रेल्वेच टाकील. असत्याची मर्यादा अशी एका नदीने आखून दिली.

३. माल आधी, डबा नंतर

नवखा मनुष्य आधी डबा बनवतो आणि मग त्यात काय भरावे याचा विचार करतो. कंपनीचा कारभारी याच्या उलट वागतो. तो प्रथम खातेवही उघडतो. आपणही ती उघडू.

वऱ्हाडची काळी जमीन आणि कापूस यांचे नाते सर्वश्रुत आहे. १८६० नंतरच्या दशकात जी. आय. पी. रेल्वे वऱ्हाडातून नागपुरास पोचली, आणि लगोलग १८७० च्या सुमारास खामगाव व अमरावती या कापसाच्या पेठांना मुख्य मार्गाशी जोडणाऱ्या आखूड शाखा निघाल्या, त्या रुईच्या गाठींसाठीच. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर या दोन दिशांना अडीच फुटी नॅरोगेज मार्ग झाले, ज्यांना लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणतात. त्यांचाही मूळ हेतू कापूसच.

आपल्या ट्रामवेवर मात्र कापूस कोणत्या रूपात येईल? बोंडातून वेचलेला सुटा कापूस फुलतो, जागा खातो आणि वजनाला भरत नाही. शिवाय वाफेच्या इंजिनाच्या धुराड्यातून उडणारी एक ठिणगी संपूर्ण डब्याची राखरांगोळी करण्यास पुरेशी असते. म्हणून सुटा कापूस शेतापासून जिनिंगपर्यंत बैलबंडीनेच जाईल. जिनात सरकी आणि रुई वेगळी होईल, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातील, आणि मगच माल ट्रामवेच्या हवाली होईल. एका निर्णयाने एक अख्खा डबा, उंच जाळीचा कापूसडबा, यादीतून खोडला गेला.

उरलेली यादी अशी : गाठींसाठी बुटक्या कडांचा उघडा डबा, सरकीची पोती, ज्वारी आणि मीठ यांसाठी बंद डबा, अकोट-तेल्हारा पट्ट्यातील पानमळ्यांतून निघणारी विड्याची पाने आणि पानपिंपळी यांसाठी हवेशीर फटींचा डबा, मेळघाटातील सागवानी ओंडक्यांसाठी जोडडबा, आणि सर्वांच्या मागे ब्रेकचा डबा. ओंडके सातपुड्यातून हिवरखेडास उतरतात आणि तेथून तेल्हाऱ्यास जातात, म्हणजे गाठींच्या उलट दिशेने. त्यामुळे कंपनीला परतीच्या फेरीतही हशील मिळते. खारपाणपट्ट्यातील गावांना गोड पाण्याची टाकी न्यावी, असेही एखाद्या वाचकाला सुचेल, आणि ती सूचना विचारात घेण्यासारखी आहे, कारण पूर्णेच्या काठचा तो पट्टा खरोखरच खाऱ्या पाण्याचा आहे.

४. बार्शीने शिकविलेला हिशेब

आता डब्याचा आकार. येथे एक कल्पना समजून घेतली पाहिजे, ती म्हणजे आसभार. डब्याच्या दोन चाकांना जोडणारा दांडा तो आस; आणि भरल्या डब्याचे जेवढे वजन एका आसावर येते तो आसभार. रूळ किती जाड हवेत, पूल किती मजबूत हवा, हे संपूर्ण गाडीच्या वजनावर तितकेसे अवलंबून नसते, जितके ते सर्वांत जड आसावर अवलंबून असते.

ही गोष्ट महाराष्ट्रात ज्याने सिद्ध करून दाखविली तो अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९७ साली सुरू झालेल्या त्याच्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फुटी, आणि वजनाने दर मीटरला अवघे १५ किलो होते. परंतु इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक वाहनाचा आसभार त्याने ५ टनांच्या आत राखला. मालडब्यांना २५ फूट लांब व ७ फूट रुंद अशी एकच पोलादी चौकट वापरली आणि वरचे शरीर गरजेप्रमाणे बदलले. चार आस आणि प्रत्येकी ५ टन, म्हणजे भरला डबा २० टनांपर्यंत चालला. आणि हे सर्व अशा रुळांवर, की ज्यांच्याकडे पाहून मोठ्या रेल्वेचा अधिकारी हसला असता.

आपली ट्रामवे बार्शीहून गरीब. तिचा आसभार ३ टन धरू. डबा दोन आसांचा, म्हणजे भरून ६ टन. रिकाम्या डब्याचे वजन २ टन धरले तर मालासाठी ४ टन उरतात. जुन्या काळी रुईची एक गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची असे. आकारमान ढोबळपणे सव्वा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि एक हात, म्हणजे ४५ सेंटीमीटर उंच, असे धरू. डब्याचा तळ १२ फूट लांब व ६ फूट रुंद ठेवला तर एका थरात ९ गाठी बसतात : सात आडव्या, आणि उरलेल्या पट्टीत दोन उभ्या. दोन थर म्हणजे १८ गाठी, वजन ३.२ टन, डब्यासह ५.२ टन, आणि आसभार २.६ टन. हिशेब बसला. तिसरा थर चढविला तर २७ गाठी होतात, डब्यासह वजन ६.८ टनांवर जाते आणि आसभार ३.४ टन होतो. कंपनीचा रूळ वाकतो.

म्हणजे ज्या प्रतिकृतीत गाठींचे तीन थर रचलेले दिसतील ती चुकली, आणि जीत दोन दिसतील ती बरोबर. न धावलेल्या ट्रामवेचा डबासुद्धा चुकू शकतो, तो असा.

५. प्रमाण आणि रुळांची रुंदी

मूळ वस्तू कितीपट लहान करावयाची, ते प्रमाण. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ पासून लोकांस खुले असलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पुष्कळांनी पाहिले असेल. तेथील गाड्यांचे प्रमाण १:८७, म्हणजे मूळ ८७ सेंटीमीटरची वस्तू तेथे १ सेंटीमीटरची होते. जगात हेच प्रमाण सर्वांत रूढ आहे, आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. ही रुंदी युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी ठरलेली आहे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. १:८७ ने त्याचा रूळ १९.३ मिलिमीटर व्हावयास हवा. तयार मिळतो तो १६.५ चा, म्हणून भारतीय ब्रॉडगेजच्या प्रतिकृती सामान्यतः आपल्या अंगाच्या मानाने अरुंद रुळांवर धावतात.

अडीच फुटी ट्रामवेच्या बाबतीत मात्र हाच बाजारी रूळ आपल्या कामी येतो. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यास १६.५ ने भागले तर ४६ हून किंचित अधिक येतात. प्रचलित प्रमाणांपैकी १:४५ त्याच्या अगदी निकट आहे. म्हणजे १:८७ साठी बनलेले रूळ, चाके आणि छोट्या इंजिनांचे सांगाडे विकत घ्यावयाचे, आणि त्यांवर १:४५ चा देह चढवावयाचा. चाकांसारखी नाजूक वस्तू घरी करण्याचा खटाटोप वाचतो, आणि डबा बोटांत धरण्याइतका मोठा होतो.

आता आपल्या डब्याची मापे लिहून काढू. लांबी १२ फूट, म्हणजे ३६६० मिलिमीटर, भागिले ४५ : ८१ मिलिमीटर. रुंदी ६ फूट : ४१ मिलिमीटर. दोन आसांमधील अंतर ६ फूट धरले तर तेही सुमारे ४१ मिलिमीटर. कडांची उंची दीड फूट : १० मिलिमीटर. गाठ : २८ मिलिमीटर लांब, ११ रुंद, १० उंच. ही मापे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवावीत. पुढील सर्व काम त्या कागदाच्या हुकमाने चालेल.

६. वळण

डबा आखूडच का, हा प्रश्न अजून पुरा सुटलेला नाही. बार्शीप्रमाणे २५ फुटी डबा घेतला तर १:४५ ने तो १६९ मिलिमीटर होतो. अनुभवी लोकांचा एक ढोबळ नियम असा की, वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी. म्हणजे लांब डब्याला अर्ध्या मीटरहून अधिक त्रिज्या हवी, आणि संपूर्ण फेरा घेण्यास एक मीटरहून रुंद पाट. आपल्या ८१ मिलिमीटरच्या डब्याला २५ सेंटीमीटर त्रिज्या पुरते. तो नेहमीच्या अभ्यासाच्या टेबलावर वळू शकतो.

याचे कारण असे की, चाके रुळांच्या वळणाबरोबर चालतात, पण डब्याचा तळ सरळच राहतो. त्यामुळे दोन आसांच्या मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूस सरकतो. २५ सेंटीमीटरच्या वळणावर आपल्या डब्याचा मध्य जेमतेम एक मिलिमीटर सरकेल. ज्या लांब डब्याच्या बोगी, म्हणजे चाकांचे फिरते गाडे, ११० मिलिमीटर अंतरावर आहेत तो सहा मिलिमीटर सरकेल, आणि फलाटाची कड किंवा शेजारच्या रुळावरील डबा खरवडून जाईल. खऱ्या ट्रामवेचा अडथळाही हाच : गावातील गल्ली, विहीर, पार, कुणाच्या तरी वाड्याची भिंत. जागेची टंचाई खऱ्या कंपनीला आणि आपल्याला सारखीच भोवते, आणि त्यातून निघणारा तोडगाही एकच असतो.

७. चौकट आणि चाके

कामाला आरंभ चौकटीपासून करावा. एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचा किंवा सुताराकडे मिळणाऱ्या पातळ व्हिनियरचा ८१ बाय ४१ चा तुकडा हा तळ. त्याखाली लांबीच्या दिशेने दोन तुळया आणि टोकांना दोन आडपट्ट्या. आइस्क्रीमच्या काड्या पुष्कळ लोक वापरतात, परंतु एकदा मोजून पाहावे : काडी सुमारे दोन मिलिमीटर जाड असते, आणि १:४५ ने तिची फळी ९ सेंटीमीटर जाडीची ठरते. कडेच्या खऱ्या फळीची जाडी ५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे प्रतिकृतीत एक मिलिमीटरहून किंचित अधिक. काडी चौकटीच्या तुळयांना शोभेल. कडेला वापरली तर डबा भिंत घातल्यासारखा दिसेल. फळ्यांचे वेगवेगळे तुकडे जोडण्याऐवजी पुठ्ठ्यावर बोथट सुरीने साडेचार मिलिमीटर अंतराने रेघा ओढल्या की काम भागते, आणि खिळ्यांची डोकी पुठ्ठ्याच्या मागून टाचणी दाबून उठविता येतात.

चाके विकतची घ्यावीत, परंतु डोळे मिटून घेऊ नयेत. एका आसावरील दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर १४.४ मिलिमीटरच्या आसपास असावे लागते. ते कमी असेल तर सांधे बदलण्याच्या ठिकाणी चाक चढते, आणि अधिक असेल तर अडकते. प्रत्येक जोडी मोजून घ्यावी, आणि बिघडलेली जोडी आसावर किंचित पिळत सरकवून दुरुस्त करावी.

आता डबा समतल उभा राहण्याचा प्रश्न. चार चाके चार बिंदूंवर टेकतात. रूळ कोठे केसभरही वर-खाली असेल तर एक चाक अधांतरी राहते आणि तेथेच गाडी घसरते. तीन पायांची तिवई कितीही ओबडधोबड जमिनीवर डुगडुगत नाही, हे आपण घरोघर पाहतो. तीच युक्ती येथे वापरावयाची. डब्याचा एक आस चौकटीला पक्का बसवावा, आणि दुसऱ्या आसाची पेटी मधोमध एका आडव्या खिळ्यावर अशी टांगावी की ती डावी-उजवीकडे थोडी झुलू शकेल. पक्क्या आसाचे दोन आधार आणि झुलत्या आसाचा मधला एक, असे तीन आधार होतात, आणि चारही चाके रुळाला धरून राहतात. ही झुलणी अर्ध्या मिलिमीटरची पुरे.

८. वजनाचे गूढ

आपला रिकामा डबा २ टनांचा. १:४५ ने त्याचे वजन किती व्हावे? लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही ४५ ने भागल्या जातात, म्हणून वजनाला ४५ ने तीनदा भागावे लागते. उत्तर येते २२ ग्रॅम. एवढ्या हलक्या डब्याला रूळ ओळख देत नाही. सांध्यावर तो उडी मारतो, आणि वळणावर मागच्या डब्यांच्या ओढीने आत कलंडतो. रुळांचे दोष, चाकांचे घर्षण आणि हवेतील धूळ यांचे प्रमाण आपल्या आज्ञेने लहान होत नाही.

म्हणून अनुभवाने ठरविलेला भार घालावा लागतो. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या संस्थेची याच आकाराच्या नॅरोगेज डब्यांसाठी शिफारस अशी की, मूळ ४३ ग्रॅम, आणि लांबीच्या दर इंचास २१ ग्रॅम. आपला डबा सुमारे ३.२ इंच, म्हणून ६७ ग्रॅम. एकूण ११० ग्रॅम. दोन थर गाठींनी भरलेल्या डब्याचे प्रमाणशीर वजनसुद्धा ६० ग्रॅमच्या आत राहते, हे लक्षात घेतले म्हणजे ही तफावत किती मोठी आहे ते कळेल. हा भार तळाखाली, तुळयांच्या मध्ये लपवावा : सायकलच्या दुकानातील नट किंवा लोखंडी पट्टीचे तुकडे चालतात. भार जितका खाली, डबा तितका स्थिर.

दिसण्याच्या बाबतीत सत्याशी प्रामाणिक राहावे आणि चालण्याच्या बाबतीत व्यवहार पाहावा, ही या छंदातील जुनी तडजोड आहे. ती दुसऱ्या कलमातील एका असत्याच्या दंडकात मोडत नाही. तो डब्याच्या कथेला लागू आहे, आणि हा पदार्थविज्ञानाशी केलेला तह आहे.

९. गाठी, ताडपत्री आणि रंग

गाठी करण्यास लाकडी पट्टी ११ बाय १० मिलिमीटरची तासून तिचे २८ मिलिमीटरचे तुकडे पाडावेत. प्रत्येकावर जुन्या मलमलीचा तुकडा पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवावा, कारण खऱ्या गाठीवर बारदान असते. टोकाशी कापड दुमडून किंचित फुगवटा ठेवावा, कारण दाबलेली रुई दोन पट्ट्यांच्या मध्ये फुगते. लोखंडी पट्ट्यांसाठी काळा शिवणदोरा आवळून बांधावा. मलमल पांढरीफटक राहू देऊ नये; चहाच्या पाण्यात बुडविली की तिच्यावर बारदानाचा कळकट पिवळा रंग चढतो. खरा कापूस डब्यात भरण्याचा मोह टाळावा, कारण त्याचा धागा ४५ पट लहान होत नाही आणि डब्याच्या कडेवर तो दोरखंडासारखा दिसतो.

वरचा थर कडांच्या वर येणार, म्हणून त्यावर ताडपत्री हवी. कंपनीला ठिणग्यांची धास्ती आहे. पातळ टिश्यू कागद काळपट हिरव्या रंगात रंगवून, ओला असतानाच गाठींवर अंथरावा आणि दोऱ्याने कडांच्या कड्यांना बांधावा. एका बाजूने ताडपत्री अर्धी दुमडून ठेवली तर खालच्या गाठी दिसतात, आणि हमाल अर्ध्या कामातून उठून गेले असावेत असा भास होतो.

डब्याचा रंग गेरूसारखा तांबडा असावा. मालडब्यांवर तो स्वस्त आणि टिकाऊ म्हणून पुष्कळ ठिकाणी असे. मग त्यावर काळ चढवावा. वऱ्हाडात धूळ दोन प्रकारची : रस्त्याची करडी आणि शेतातली काळी. पावसाळ्यात काळी माती चाकांच्या भोवती आणि तुळयांच्या खालच्या कडांवर उडते. म्हणून काळसर छटा खालून वर विरत जाणारी असावी. छतावरचे काजळ बंद डब्याला लागते, आपल्या उघड्या डब्याला नाही. कडेच्या मध्यभागी कंपनीची आद्याक्षरे, डब्याचा क्रमांक, रिकाम्याचे वजन २ टन आणि भाराची मर्यादा ४ टन, एवढे लिहिले की पुरे. हे आकडे आपण वर मिळविलेलेच आहेत.

१०. बाकीचे डबे

पहिली चौकट साधली की कॅलथ्रॉपच्या न्यायाने तीच पुन्हा पुन्हा वापरावी. तिच्यावर उंच कडा आणि पन्हळी पत्र्याचे छत चढविले की सरकीचा डबा होतो. कडांच्या फळ्यांत फटी ठेवल्या की पानांचा डबा होतो. आत बांबूच्या करंड्या आणि त्यांवर ओले गोणपाट दाखवावे, कारण विड्याचे पान वाटेत सुकले की पानमळेवाला बरई ते परत घेत नाही. कडा पूर्ण काढून मधोमध एक फिरती आडवी तुळई बसविली, आणि असे दोन डबे ओंडक्यांनीच एकमेकांशी जोडले, की सागवानाचा जोडडबा होतो. तुळया फिरत्या नसतील तर पहिल्याच वळणावर ओंडके डब्यांना रुळाबाहेर खेचतील. ब्रेकच्या डब्याला एका टोकाशी उघडा सज्जा आणि हातचाक. चौकट एकच, शरीरे निरनिराळी, आणि सुट्या भागांचा एकच साठा. गरीब कंपनीला याहून किफायतशीर तजवीज नाही, आणि आपल्यालाही नाही.

११. कसोटी

डबा तयार झाला की प्रथम तो काचेवर ठेवावा. एखादे चाक वर राहिले तर तेथेच दिसते. मग रुळांवर ठेवून बोटाच्या हलक्या धक्क्याने सोडावा; तो वाकडा न जाता निदान अर्धा मीटर घरंगळला पाहिजे. शेवटी इंजिनाच्या पुढे लावून उलट वळणांतून ढकलावा, कारण ओढताना लपणारे दोष ढकलताना उघडे पडतात. तिन्ही कसोट्यांतून उतरला तो डबा कंपनीच्या खात्यावर जमा.

आरंभीच्या प्रश्नाला आता थोडक्यात उत्तर देता येते : कल्पित ट्रामवेचा डबा तिच्या मालावरून, तिच्या रुळांच्या ताकदीवरून आणि तिच्या वळणांवरून तपासावा, या तिन्हींचा जबाब जुळला तर तो बरोबर, न जुळला तर कितीही सुबक असला तरी चूक. वाचकाने हिवरखेडच धरले पाहिजे असे नाही. आपल्या तालुक्याचा नकाशा, तेथील माल आणि जवळचे स्थानक घेऊन हाच हिशेब मांडावा. मात्र कागदावरचा हिशेब पुरा झाल्याशिवाय सुरी हातात घेऊ नये, आणि पहिला डबा ढकलण्याच्या कसोटीत उतरल्याशिवाय दुसऱ्याचा पुठ्ठा कापू नये.